आई आठ दिवस बडोद्याला येतेय, तिला दाखवू काय?

तिसरा_मजला

मंडळी, सल्ला हवाय. प्रश्न जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

संक्रांतीला माझी आई अमळनेरहून येतेय. भोगीच्या आदल्या दिवशी पोचेल, आठ दिवस राहील. नाव लेकीकडे आरामाचं, पण खरं काम तपासणीचं. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिचा जन्म गेला, नुकतीच निवृत्त झाली, तपासणी कशी करतात हे तिला कुणी शिकवायला नको. रोज रात्रीच्या फोनवर तिचे दोन प्रश्न ठरलेले. "एकटी करतेस काय गं तिथे?" आणि "एकटीला जेवण जातं का?"

जातं. चांगलं पोटभर जातं. पण हे जितक्या आनंदाने सांगावं तितका तिचा संशय वाढतो.

थोडी पार्श्वभूमी. मी औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या विभागात आहे. जळगावला एम.एस्सी. केलं, आमच्या बॅचची निम्मी पोरं अंकलेश्वर-वापीला गेली, मी बडोद्याला. दांडिया बाजारात जुन्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर एक खोली, स्वयंपाकघर, आणि दार उघडलं की समोर अगाशी, म्हणजे गच्ची. लिफ्ट नाही. खाली घरमालकीण आजी, मराठीच, पण हिशेब आणि भांडण गुजरातीत करतात. आधी आम्ही दोघी राहायचो. दिवाळीच्या आधी मैत्रिणीचं लग्न झालं, ती आणंदला गेली आणि तिची भांडी, मिक्सर आणि पलंग टेम्पोत घालून घेऊन गेली. सगळ्यांनी गृहीत धरलं की मी दुसरी रूममेट शोधेन. मीही शोधत होते म्हणे. मग लक्षात आलं की कुणी खोली बघायला येते म्हणाली की मी काहीतरी कारण काढून टाळतेय. भाडं आता एकटीने भरते. जड जातं, पण नवे कपडे कमी घेतले की जमतं.

तर, मी करते काय.

सुट्टीच्या दिवशी उन्हं वर आली की काळा घोडा पुतळ्याजवळच्या पुलावर जाते. थंडीत विश्वामित्री नदीच्या काठावर मगरी ऊन खायला येतात. आधी नुसता चिखल दिसतो. मग त्या चिखलातल्या एका ओंडक्याला पाय फुटतात. जबडा वासून पडलेली असते, तासन् तास तशीच, आणि बगळा तिच्या शेपटीजवळून असा चालत जातो जसा काही नगरपालिकेचा कर्मचारी आहे. पुलावर कुणीतरी स्कूटर थांबवतंच. परवा एक काका गॅसचा सिलिंडर पायात घेऊन थांबले आणि मला विचारलं, "बेन, मगर छे के टायर?" मी म्हटलं मगर. ते म्हणाले टायर. पाच मिनिटं आम्ही दोघं डोळे फाडून बघत राहिलो. टायरच होता. पण त्याच्यापलीकडे खरी मगर होती, ती आम्हा दोघांनाही आधी दिसली नव्हती.

तिथून खंडेराव मार्केट. एकटीसाठी भाजी घेणं वाटतं तेवढं सोपं नाही. पाव किलो मागितलं की भाजीवाली माशी (इथे मावशीला माशी म्हणतात) अशी बघते जणू मी तिचा धंदा बुडवायला आले. आता मात्र आमची एक व्यवस्था झालीय. कोबीचा गड्डा ती मधोमध कापते, अर्धा मला, अर्धा आमच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्या काकींना. काकी आधी आल्या तर माझा अर्धा ओल्या गोणपाटाखाली ठेवलेला असतो. सध्या हिरवी लसूण आलीय, ओले तुरीचे दाणे आलेत. माशी दाणे मापात घालते आणि वर एक मूठ टाकते, ती मूठ टाकताना नेहमी दुसरीकडे बघते, म्हणजे टाकली नाहीच असं. त्या दाण्यांची आमटी नि भाकरी मी अगाशीत बसून खाते. दुपारी केस धुऊन तिथेच पुस्तक घेऊन पडते. पायावर ऊन आणि डोक्यावर सावली अशी एक जागा आहे पाण्याच्या टाकीजवळ, ती तासाभरात सरकते, तसं मीही सरकते.

आठवड्यातून एकदा सेव उसळ, लारीवर म्हणजे हातगाडीवर, उभ्याने. पूर्वी मी दोन प्लेटचं पार्सल घ्यायचे. घरी कुणीतरी वाट बघतंय असं त्या लारीवाल्या भावाला वाटावं म्हणून! मग दोन्ही मीच खायचे. आता तिथेच उभी राहते. वाटाण्याची उसळ, वर लाल तर्री, शेवेचा ढीग, कांद्याची पात, लसणाची चटणी. नाक गळायला लागतं आणि रुमाल पर्समध्ये तळाशी असतो. आजूबाजूला कॉलेजची पोरं, कुटुंबं, माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

नवरात्राचं तर विचारूच नका. नऊ रात्री चणिया-चोळी घालून, अनवाणी, त्या हजारोंच्या गोलात. मध्यरात्री अ‍ॅक्टिव्हावरून एकटी घरी. रस्ताभर माझ्यासारख्याच नटलेल्या मुली. आईला तेव्हा मी मैत्रिणींसोबत आहे असंच सांगितलं होतं, नि ते अगदी खोटंही नव्हतं, हजार एक होत्या.

आता प्रश्न. आई मागे एकदा आली होती तेव्हा लक्ष्मी विलास पॅलेस, सूरसागर, सगळं झालं. "छान आहे" म्हणाली आणि परतीच्या गाडीत बसताना "सांभाळून राहा" म्हणाली, दोन्ही एकाच स्वरात. पुन्हा तेच दाखवायचं नाहीये. मला तिला हे वरचं दाखवायचंय, पण ते दाखवायचं कसं? मगर वेळेवर येईलच असं नाही. आईचे गुडघे दुखतात, तीन मजले. आणि घरात एकच ताट आहे, एक वाटी, गादी जमिनीवर. ती हे बघून काय समजेल ते मला आत्ताच दिसतंय. पलंग घेऊ का? सुट्टी काढू का आठही दिवस? बायोडाटाची फाईल ती आणणारच आहे, त्यावर सल्ला नको, तो घरून भरपूर मिळतो.

रावपुराकर

बेटा, मी जन्मापासून बडोद्यात, वय विचारू नकोस. आई शिक्षिका आहेत हे तू मध्येच लिहून गेलीस, पण सगळी किल्ली तिथेच आहे. त्यांना पॅलेस दाखवून काय होणार? त्यांना सांग की सयाजीराव तुमच्या बाजूचेच. मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळ, 1875 ला बाराव्या वर्षी दत्तक येऊन इथल्या गादीवर बसला. याच माणसाने 1893 ला अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं आणि 1906 ला सगळ्या राज्यात, मुलींसकट. खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. निवृत्त शिक्षिकेला याच्यापुढे झुंबरं काय दाखवायची?

मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत ने. 1910 ची. पुस्तकांच्या मांडण्या लोखंडी आणि मधल्या मजल्यांची जमीन जाड काचेची, उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून. मराठी पुस्तकं भरपूर. तुझ्या घराजवळ तांबेकर वाडा आहे, एकोणिसाव्या शतकातली भिंतीवरची चित्रं, महाभारतापासून इंग्रज-मराठा लढाईपर्यंत. लोक बाजूने स्कूटर घेऊन जातात, आत जात नाहीत. पायऱ्या अरुंद आहेत, गुडघ्यांचं बघून घे. कीर्ती मंदिरात नंदलाल बोस यांनी चार भिंती रंगवल्यात, गंगावतरण, मीराबाई, महाभारतातलं युद्ध आणि नटीर पूजा. तिथे फार चढायला नाही. आणि कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा आहे, 1944 ला महीच्या मुखाशी वाहून आलेला. मगर नाही आली तर देवमासा तरी जागेवर सापडेल.

येता-जाता रावपुऱ्याचा चिमणाबाई टॉवर दाखव. तो पहिल्या चिमणाबाईंच्या नावाचा. दुसऱ्या चिमणाबाई महाराणी 1927 च्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा. हेही आईंना आवडेल.

लाल_गेरू

काका, बाई निवृत्त झाल्यात, सहल घेऊन नाही आल्या.

मी इथल्या ललित कला कॉलेजची, फतेगंजात राहते, चाळिशी उलटली, एकटीच. तुझ्या प्रश्नातल्या एकाच गोष्टीवर बोलते. आठ दिवस सुट्टी काढू नकोस. दोनच दिवस घे, संक्रांत आणि वासी उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाचे घे, बाकी कामावर जा. सकाळी किल्ली आईच्या हातात दे आणि नीघ.

माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला एक मिनिट मोकळं सोडलं नाही. हे बघ, ते खा. ती माझ्याकडेच बघत होती, कारण मी सोडून दुसरं काही बघायला मी तिला ठेवलंच नव्हतं. पुढच्या वेळी माझं प्रदर्शन लागलेलं होतं, मला दिवसभर बाहेर राहावं लागलं. तिने घरात एकटीने दिवस काढला. दुपारी कुणासाठीही ताट वाढायचं नाही, कुणाचा डबा नाही, चारचा चहा पाचला घेतला तरी कुणाची चुळबुळ नाही. लग्नानंतर असा दिवस तिला बहुतेक पहिल्यांदाच मिळाला. तीन-चार दिवसांनी मला म्हणते, "तू संध्याकाळी जरा उशिरा आलीस तरी चालेल हं."

तुझ्या टाकीजवळची जागा तिला दाखवून ठेव. बस. ती कुठे सरकते ते तिचं ती शोधेल.

पलंग घेऊ नकोस, पण जमिनीवरून उठताना गुडघ्यांना त्रास होतो. आजींकडे जुना दिवाण असेल, बडोद्याच्या प्रत्येक जुन्या घरात एक जादाचा असतोच. आठ दिवस माग. ताट मात्र विकत घे. एकच ताट बघून कुठलीही आई रडेल, तिथे तुझं तत्त्वज्ञान चालणार नाही.

ताप्ती_लाईन

अमळनेर म्हटल्यावर राहवलं नाही. आम्ही चोपड्याचे, आता मांजलपूरला. आई जानेवारीत येतेय म्हणजे पिशवीत भरताची वांगी असणार, लिहून घ्या. गॅसवर भाजू नका, सगळी इमारत विचारायला येते. कपाशीच्या काड्या इथे कुठून आणणार, पण आजींकडे शेगडी असेल तर कोळशावर अगाशीतच भाजा. मिरच्या आणि लसूण ठेचून, कच्च्या तेलाची धार वरून. हिरवी लसूण आहेच म्हणताय, ती पात घाला भरतात. आमच्या घरी पहिल्यांदा हे बायकोने केलं तेव्हा आईने नाक मुरडलं, आता अमळनेरच्या बाजारात हिरवी लसूण शोधत फिरते.

एक महत्त्वाचं. उत्तरायणाच्या आसपास आईला स्कूटरवर मागे बसवून हिंडवणार असाल तर हँडलला तो लोखंडी सळीचा गार्ड लावून घ्या, आणि दोघींनी गळ्याला जाड ओढणी गुंडाळा. पतंगाच्या नायलॉनच्या दोरीवर बंदी आहे, तरी आकाशात असतेच. चौदा आणि पंधराला तर स्कूटर काढूच नका.

एका_मुलीची_आई

मी आईच्या बाजूने लिहिते, राग मानू नकोस. माझी लेक पुण्यात एकटी राहते.

"जेवण जातं का" याचा अर्थ जेवण जातं का असा नसतो. मला रात्री दोनला जाग येते तेव्हा डोळ्यांसमोर तिचं लग्न नसतं. तिला ताप भरलाय आणि दार आतून बंद आहे, हे असतं. मगर, सेव उसळ, पुस्तकं, सगळं आईला दाखव, ती खूश होईल, पण त्याने तिची रात्रीची झोप काही सुधारणार नाही.

तेव्हा तिला आजींच्या स्वयंपाकघरात नेऊन बसव. जादाची किल्ली कुठे असते ते आजींच्या तोंडून ऐकू दे. तू कुठल्या डॉक्टरकडे जातेस, तिथवर एकदा तिच्यासोबत चालत जा, काही होत नसलं तरी रक्तदाब मोजून घ्या. तुझ्या झेरॉक्सवाल्या काकींचा नंबर तिच्या फोनमध्ये घाल, कंपनीतल्या एका मैत्रिणीचाही. माझ्या लेकीने हे केलं नव्हतं. मीच तिच्या शेजारणीशी ओळख काढली, आता ती शेजारीण मला लेकीपेक्षा जास्त फोन करते आणि लेक वैतागते. तुझं तू आधीच केलंस तर नंबर कुणाचे द्यायचे ते तरी तुझ्या हातात राहील.

आणि गरब्याचं सांगून टाक. अ‍ॅक्टिव्हावरून नटलेल्या मुलींचं जसं इथे लिहिलंस तसंच सांग. आईला मजा वाटेल. थोडी ओरडेल, मग विचारेल चोळी कुठून घेतलीस.

तिसरा_मजला

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. शेवटचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ गप्प बसले होते, मग खाली आजींकडे गेले.

किल्लीचं विचारलं तर आजी म्हणाल्या, "तुझी एक किल्ली माझ्या तांदळाच्या डब्यात आहे, तुझी मैत्रीण गेली त्याच दिवशी तिच्याकडून मागून घेतली." मला पत्ताच नव्हता. म्हणजे इतके दिवस मी रात्री कडी आणि वरची खिटी दोन्ही लावत होते, ती किल्ली असून काही उपयोगाची नव्हती. आता खिटी लावत नाही. दिवाणही मिळाला, ताप्ती_लाईन म्हणाले तशी शेगडीही, आणि वर आजींचं भाषण: आई आली की संक्रांतीचं हळदीकुंकू आपल्याकडेच, तुझ्या आईच्या हातून, तूही वाण घ्यायचं, बिनलग्नाच्या मुलींना वगळायची पद्धत माझ्या ओट्यावर नाही. यंदा वाण काय द्यायचं यावरून माझी नि त्यांची बोलाचाली सुरू आहे. त्यांना प्लास्टिकच्या गाळण्या द्यायच्यात, मला चिमणाबाई स्त्री उद्योगालयातल्या मसाल्याच्या पुड्या.

रावपुराकर काका, लायब्ररी आणि कीर्ती मंदिर नक्की. तांबेकर वाडा पायऱ्या बघून ठरवू. कवळाण्याचं मी आईला कालच फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मला शिकवतेस?" आणि पुढे दहा मिनिटं तीच सयाजीरावांवर बोलली. काल तिने जेवणाचं विचारलंच नाही.

लाल_गेरू ताई, सुट्टी फक्त चार दिवसांची टाकली. ताट घेतलं, मंगळ बाजारातून. एकच घ्यायला गेले होते, दुकानदार म्हणाला जोडी घ्या, स्वस्त पडेल. मी एकच घेतलं.

गरब्याचं अजून ठरलं नाही.

रावपुराकर

बेटा, गाळण्या-मसाला मागाहून भांडा, उंधियूची ऑर्डर आधी दे. चौदाला सकाळी फरसाणाच्या दुकानांसमोर रांगा गल्लीच्या तोंडापर्यंत जातात आणि दहा-साडेदहाला कोनफळ संपलं म्हणून नुसती पापडी गळ्यात मारतात. तुम्ही तिघी, अर्धा किलो पुरेल. जिलबी मात्र त्याच दिवशी गरम घ्यायची.